जोखमीच्या कारखानदारी गुंतवणुकीत एनपीव्ही कसा वापरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांपुढे एक प्रश्न वरचेवर येतो. वाहन उद्योगातले गिऱ्हाईक म्हणते, "कच्चे कास्टिंग नको, मशिनिंग करून द्या." मशिनिंगला, म्हणजे ओतलेला भाग (कास्टिंग) यंत्रावर कापून नेमक्या मापाचा करून देण्याला, दर चांगला मिळतो, पण त्यासाठी कोट्यवधींची यंत्रे घ्यावी लागतात आणि पाच-सहा वर्षे काम मिळत राहील याची लेखी हमी कोणी देत नाही. या पानावरचे सगळे प्रश्न अशा एकाच निर्णयाभोवती ठेवले आहेत. आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घाला, पद्धत तीच राहते.

एनपीव्ही म्हणजे नेमके काय?

निव्वळ वर्तमान मूल्य. आज हातातून जाणारे पैसे आणि पुढच्या काही वर्षांत परत येणारे पैसे यांची आजच्या किमतीत केलेली वजाबाकी. पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाच्या तोलाचा नसतो, कारण आजचा रुपया मधल्या काळात दुसरीकडे कमावू शकतो. म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम एका ठरावीक दराने खाली आणतात. हा दर १४ टक्के धरला तर वर्षभराने मिळणारा रुपया आजचे सुमारे ८८ पैसे होतो, तिसऱ्या वर्षाचा साडेसदुसष्ट पैसे आणि सहाव्या वर्षाचा जेमतेम ४६ पैसे. या सगळ्याची बेरीज गुंतवणुकीपेक्षा जास्त आली तर एनपीव्ही धन, कमी आली तर ऋण.

एक उदाहरण पूर्ण मांडून दाखवाल का?

समजा, चार एचएमसी (आडवी मशिनिंग सेंटर), फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी साधने), सीएमएम (मापे तपासणारे यंत्र) आणि उभारणी मिळून ५ कोटी रुपये लागतात. मालाचा साठा आणि गिऱ्हाइकाकडची येणी यांत, म्हणजे खेळत्या भांडवलात, आणखी ६० लाख अडकतात. म्हणजे आज ५ कोटी ६० लाख बाहेर जातात.

मशिनिंगमुळे वाढणारी विक्री वर्षाला ६ कोटी धरू. टूल, वीज, कामगार, रिजेक्शन असे कामाबरोबर वाढणारे खर्च जाऊन २ कोटी ७० लाख उरतात. देखभाल करार, पर्यवेक्षक, विमा असे काम असो-नसो होणारे खर्च ८० लाख. राहिले १ कोटी ९० लाख. कर भरल्यावर हातात सुमारे १ कोटी ६० लाख. पहिले वर्ष सॅम्पल मंजुरी आणि बसवाबसवीत जाते, म्हणून त्या वर्षी ७० लाखच धरू. सहाव्या वर्षाच्या शेवटी यंत्रे विकून कर वजा जाता १ कोटी येतील आणि खेळत्या भांडवलाचे ६० लाख मोकळे होतील.

नुसती बेरीज केली तर ५.६० कोटी घालून १०.३० कोटी परत येतात. ऐकायला छान वाटते. १४ टक्के दराने मात्र पहिल्या वर्षाचे ७० लाख आजचे ६१ लाख होतात, पुढच्या पाच वर्षांचे ८ कोटी आजचे ४.८२ कोटी आणि शेवटचे १.६० कोटी आजचे ७३ लाख. एकूण ६.१६ कोटी. त्यातून ५.६० वजा केले की एनपीव्ही ५६ लाख रुपये उरतो.

म्हणजे प्रस्ताव बरा आहे, पण चुकायला जागा फार थोडी आहे. दुसऱ्या वर्षापासूनची रक्कम १.६० ऐवजी १.४१ कोटी झाली की एनपीव्ही शून्यावर येतो. त्यासाठी काम किती घटायला हवे? फक्त दहा टक्क्यांच्या आसपास, कारण ठरलेले ८० लाख काम कमी झाले म्हणून कमी होत नाहीत.

हिशेबात कोणते पैसे धरायचे आणि कोणते नाही?

कसोटी एकच: हा निर्णय घेतला तरच जे पैसे येतील किंवा जातील तेच धरायचे. सल्लागाराला आधीच दिलेली फी, झालेल्या ट्रायलचा खर्च हे दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, ते सोडून द्या. उलट शेड स्वतःची असली तरी ती भाड्याने देता येत असेल, तर ते बुडणारे भाडे खर्चात धरा. यंत्रावरच्या जीएसटीची वजावट मिळत असेल तर तो किमतीत धरू नका, पण ती वजावट पदरात पडेपर्यंत लागणारा पैसा खेळत्या भांडवलात दाखवा.

घसारा हा रोख खर्च नाही, तरी त्याने कर वाचतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर आयकरात १५ टक्के घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, मिळतो आणि यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर त्या वर्षी निम्माच. मार्चमध्ये यंत्र लावणाऱ्यांनी हे विसरू नये. कराचा दरही आपला स्वतःचा घ्यावा. सवलतीची २२ टक्क्यांची करपद्धत निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकरासह २५.१६८ टक्के पडतात, भागीदारी संस्थेचे गणित वेगळे असते.

कर्जाचे व्याज आणि हप्ते मात्र या प्रवाहातून वजा करायचे नाहीत. भांडवलाची किंमत दरातच धरलेली आहे. व्याज पुन्हा वजा केले तर एकच खर्च दोनदा लागतो आणि चांगला प्रस्तावही ऋण दिसतो.

एक मुद्दा बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये सापडत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुलना "आज जसे चालले आहे" त्याच्याशी करायची नसते. तुलना करायची ती "नाही म्हटले तर काय होईल" त्याच्याशी. गिऱ्हाईक मशिनिंगसह पुरवठा करणारा दुसरा फाउंड्रीवाला शोधत असेल, तर नाही म्हटल्यावर हातातली कच्च्या कास्टिंगची ऑर्डरही दोन वर्षांत जाऊ शकते. तसे असेल तर वाचणारा तो नफा या गुंतवणुकीच्या खात्यावर जमा करायला हवा. पण तो धरण्याआधी गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाशी स्पष्ट बोला. नुसत्या भीतीपोटी हा आकडा धरला तर कोणतीही गुंतवणूक फायद्याची दाखवता येते.

दर म्हणून बँकेचा व्याजदर घेतला तर चालेल का?

चालणार नाही. बँक तारण घेऊन, वैयक्तिक हमी घेऊन पैसे देते. तिचा धोका आणि तुमचा धोका सारखा नाही. समजा ६० टक्के पैसा साडेदहा टक्के व्याजाचा आहे. करबचत धरून तो सुमारे ७.९ टक्क्यांना पडतो. ४० टक्के पैसा स्वतःचा आहे आणि त्यावर २० टक्के तरी सुटावेत अशी रास्त अपेक्षा आहे. दोन्हींची सरासरी १२.७ टक्के येते. मशिनिंग हे फाउंड्रीला नवे काम आहे आणि वाहन बाजाराच्या चढउतारांना जास्त उघडे आहे, म्हणून वरच्या उदाहरणात १४ धरले.

स्वतःच्या पैशाला किंमत नाही असे मानणारे बरेच उद्योजक भेटतात: "तो तर घरचाच आहे." त्या घरच्या पैशानेच अडचणीच्या वर्षात कामगारांचे पगार होतात. तो फुकट धरू नका.

आणखी एक पथ्य. पुढच्या वर्षांचे विक्रीचे दर आणि खर्च महागाई धरून वाढवले असतील तर रकमा खाली आणण्याचा दरही महागाईसकट असावा. बँकेचा दर तसाच असतो. रक्कम आजच्या भावाने सहा वर्षे स्थिर धरायची आणि दर मात्र महागाईसकट लावायचा, असे केले तर प्रस्तावावर अन्याय होतो.

जोखीम जास्त आहे म्हणून दर सरळ २० टक्के केला तर?

आपल्या उदाहरणात २० टक्क्यांना एनपीव्ही उणे ४९ लाख येतो आणि विषय संपतो. पण त्यातून काय कळले? गिऱ्हाईक शेड्यूल (दर महिन्याची मागणी) कमी करील हा धोका पहिल्या दोन वर्षांतला आहे. वाढवलेला दर मात्र दरवर्षी चक्रवाढीने कापत जातो आणि सर्वांत जास्त फटका पाचव्या-सहाव्या वर्षाला देतो. धोका एकीकडे, कात्री दुसरीकडे.

ऑर्डर न येणे, रिजेक्शन वाढणे, मंजुरी लांबणे हे या प्रकल्पाचे खास धोके रकमांमध्ये दाखवावेत. सगळ्या बाजारावरच येणारा धोका दरात असावा. एकच धोका दोन्हीकडे धरू नये.

मग रकमांमध्ये धोका कसा दाखवायचा?

तीन चित्रे काढा. आपल्या उदाहरणात मधल्या चित्राचा एनपीव्ही अधिक ५६ लाख आहे. काम अपेक्षेपेक्षा चांगले आले, म्हणजे पहिल्या वर्षी ९० लाख आणि नंतर दरवर्षी २ कोटी, तर तो अधिक १ कोटी ९४ लाख होतो. शेड्यूल निम्म्यावर राहिले, पहिल्या वर्षी ४० लाख आणि नंतर ८० लाख, तर उणे २ कोटी ११ लाख.

आता शक्यता लावा. चांगल्याची २५ टक्के, मधल्याची ४५, वाईटाची ३०. सरासरी येते सुमारे १० लाख. साडेपाच कोटींच्या व्यवहारात १० लाख म्हणजे शून्यच समजा. फक्त मधले चित्र पाहणाऱ्याला हाच प्रस्ताव ५६ लाख फायद्याचा दिसत होता.

पण या शक्यता आणायच्या कुठून? शेवटी अंदाजच ना?

अंदाजच, पण आधार असलेला. या गिऱ्हाइकाने गेल्या काही वर्षांत सांगितलेले शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचललेला माल शेजारीशेजारी लिहा. ते दोन रकाने तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत. सांगितल्याच्या तीन चतुर्थांश माल उचलण्याची त्याची सवय असेल, तर तुमचे "मधले" चित्र तेच असायला हवे. वाहन उद्योगात ओपन ऑर्डर मिळते, तिच्यात दर असतो पण संख्येची हमी नसते. महिन्याचे शेड्यूल आले की खरे. ऑर्डरच्या कागदावरची वार्षिक संख्या तशीच हिशेबात घालू नये.

शिवाय तो भाग कोणत्या वाहनात जातो ते पाहा. ब्रेक, सस्पेन्शन, ॲक्सलचे कास्टिंग विजेवरच्या गाडीतही लागते. सिलिंडर हेड लागत नाही. सहा वर्षांच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

एकेक आकडा दहा टक्के वर-खाली करून पाहिला. तेवढे पुरे का?

कोणत्या आकड्यावर प्रकल्पाचा जीव आहे हे कळण्यासाठी तेवढे पुरते. धोका मोजायला पुरत नाही, कारण वाईट गोष्टी एकेकट्या येत नाहीत. बाजार पडला की काम घटते, त्याच वेळी गिऱ्हाईक दर कमी करून मागते, पैसे उशिरा देते आणि जुन्या यंत्रांनाही भाव राहत नाही.

२०१९-२० आठवा. त्या आर्थिक वर्षात देशातल्या व्यापारी वाहनांची विक्री आधीच्या वर्षापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी घसरली, प्रवासी वाहनांची सुमारे १८ टक्क्यांनी. त्यातच १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू होणार होते आणि मार्चअखेर लॉकडाउन आले. आपला प्रकल्प दहा टक्के घटीत शून्यावर येतो. म्हणून वाईट चित्र काढताना चारही आकडे एकदम वाईट धरा आणि असे एक वर्ष मुद्दाम मध्ये घाला.

यंत्रे शेवटी विकली जातीलच, मग एवढी काळजी कशाला?

विकली जातील, पण कधी आणि कितीला? व्हीएमसी (उभे मशिनिंग सेंटर), एचएमसी अशी सर्वसाधारण यंत्रे दुसऱ्या वर्कशॉपला चालतात, त्यांना बाजार आहे. एकाच भागासाठी बनवलेले स्पेशल पर्पज मशीन आणि फिक्स्चर यांची किंमत भंगाराइतकी धरा.

मोठ्या कंपन्यांनाही वाट पाहावी लागते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यातून निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालले. ग्रेट वॉल मोटर्सशी २०२० च्या जानेवारीत झालेला विक्रीचा करार मंजुऱ्यांअभावी २०२२ मध्ये बारगळला. ह्युंदाईशी खरेदीचा करार झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. चांगल्या जागी उभा असलेला, आधुनिक कारखाना, तरी उत्पादन थांबल्यापासून अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. विक्रीची किंमत सहाव्या वर्षाऐवजी आठव्या वर्षी आली तर एनपीव्ही किती उरतो, हे एकदा करून पाहाच.

चार यंत्रे एकदम घेण्याऐवजी दोन आधी, दोन नंतर घेतली तर?

माझ्या मते जोखमीच्या गुंतवणुकीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या प्रश्नाला.

समजा, पहिल्या टप्प्यात दोन यंत्रे, सीएमएम आणि खेळते भांडवल मिळून ३ कोटी १० लाख लागतात. वर्षभर काम पाहून उरलेली दोन घ्यायची, तेव्हा २ कोटी ८० लाख. यंत्रांवरचा एकूण खर्च ३० लाखांनी वाढला, आणि पहिली दोन वर्षे कमाईही थोडी कमी राहील. पहिल्या वर्षी मधल्या चित्रात ५५ लाख, चांगल्या चित्रात ६५ लाख धरा. दुसऱ्या वर्षी अनुक्रमे १.३० आणि १.६० कोटी, पुढे पूर्वीइतकेच. मधल्या चित्राचा एनपीव्ही ५६ वरून २४ लाखांवर येतो, चांगल्याचा १.९४ वरून १.४६ कोटींवर.

वाईट चित्रात मात्र दुसरा टप्पा आपण घेतच नाही. निम्मे काम दोन यंत्रांवर निघते, विक्रीतून शेवटी ५५ लाख आणि भांडवलाचे ३० लाख येतात, आणि एनपीव्ही उणे २.११ कोटींऐवजी अधिक ५ लाख होतो. त्याच शक्यता लावल्या तर सरासरी सुमारे ४९ लाख येते. एकदम चार घेण्याची सरासरी होती १० लाख.

मालकाला ज्या चित्रावर विश्वास आहे त्या चित्रात टप्प्यांची योजना कमी कमावते, म्हणूनच ती टेबलावर मागे पडते. थांबण्याची मोकळीक ठेवायला ३० लाख जास्त मोजणे इथे महाग नाही, स्वस्त आहे. ही मोकळीक नेहमीच मिळते असे नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमता दाखवा अशी गिऱ्हाइकाची अट असेल तर मिळत नाही. मग पहिल्या वर्षीचे जादा काम बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडून करून घेता येते का, ते विचारा.

एनपीव्ही धन असूनही नाही म्हणावे असे कधी होते का?

होते. सरासरी चांगली असली तरी वाईट वर्ष आधी आले तर कारखाना टिकेल का, हे एनपीव्ही सांगत नाही. वरच्या उदाहरणात ३ कोटींचे मुदत कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतले, एक वर्ष मुद्दलाला सूट आणि मग पाच वर्षांत फेड, तर दुसऱ्या वर्षी ६० लाख मुद्दल आणि सुमारे ३१ लाख व्याज द्यावे लागते. वाईट चित्रात त्या वर्षी ८० लाख येतात. व्याजावरची करबचत धरूनही थोडे कमीच पडतात. ती तूट फाउंड्रीच्या नेहमीच्या नफ्यातून भरता येत असेल तर पुढे जा. राहते घर तारण असेल आणि फाउंड्रीही त्याच गिऱ्हाइकावर चालत असेल, तर दोन्ही उत्पन्ने एकाच दिवशी आटतील. तिथे मी नाही म्हणण्याच्याच बाजूचा आहे, किंवा कर्ज कमी आणि फेडीची मुदत लांब करून घेण्याच्या.

आयआरआर आणि परतफेडीचा काळ पाहिले तर चालत नाही का?

पाहा, पण निर्णय त्यांवर सोडू नका. आयआरआर म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो दर. एकदम चार यंत्रांच्या मधल्या चित्राचा आयआरआर सुमारे १७ टक्के येतो. साडेदहा टक्क्यांच्या कर्जाशेजारी तो भरघोस वाटतो, आणि काम दहा टक्के घटताच ती ऐट उतरते. पैसे चार वर्षे आणि काही आठवड्यांत परत येतात. हा आकडा रोखीची चणचण असणाऱ्याला उपयोगी आहे, नंतरच्या वर्षांबद्दल तो काही सांगत नाही.

एक्सेलमध्ये कुठे चूक होते?

एनपीव्ही फंक्शन यादीतली पहिली रक्कम वर्षाच्या शेवटी आली असे धरते. आजची गुंतवणूक यादीत घातली की तीही एका वर्षाने उतरते. ती बाहेर ठेवून वजा करा. रकमा वेगवेगळ्या तारखांना येणार असतील तर एक्सएनपीव्ही वापरा.

सरकारी प्रोत्साहन अनुदान धरायचे का?

धरा, पण मंजुरीच्या नव्हे, पैसे प्रत्यक्ष खात्यात येण्याच्या वर्षात, आणि ते वर्ष सैलपणे ठरवा. एकदा अनुदान काढूनही एनपीव्ही पाहा. अनुदानाशिवाय ऋण असलेला प्रकल्प हा अनुदानाचा धंदा आहे, मशिनिंगचा नव्हे.

या हिशेबाचा गिऱ्हाइकाशी बोलताना काही उपयोग?

खूप. प्रकल्प कामाच्या संख्येवर तरतो किंवा बुडतो हे एकदा कळले की दरात दोन रुपये वाढवून मागण्यापेक्षा किमान संख्येची हमी, फिक्स्चरचा खर्च गिऱ्हाइकाने सोसणे किंवा पैसे ९० ऐवजी ४५ दिवसांत मिळणे यांची किंमत तुम्हाला रुपयांत सांगता येते. फिक्स्चरचे ४० लाख गिऱ्हाइकाने आधीच दिले तर तिन्ही चित्रांचा एनपीव्ही साधारण तेवढाच वर सरकतो. दर वाढवून घेतला तर त्याचा फायदा काम आले तरच मिळतो.

यंत्रे लागली, काम निम्मेच आले. आता काय?

आता नवा हिशेब करायचा. समजा दुसऱ्या वर्षाचा शेवट आहे आणि पुढेही वर्षाला ८० लाखच येणार आहेत. उरलेल्या चार वर्षांचे पैसे आणि शेवटची विक्री मिळून आजचे मूल्य ३ कोटी २८ लाख येते. आज बंद केले तर खेळत्या भांडवलाचे ६० लाख सुटतात. म्हणजे यंत्रांना कर जाऊन २ कोटी ६८ लाखांपेक्षा जास्त मिळत असतील तर विकणे चांगले, कमी मिळत असतील तर चालवणे. सुरुवातीला घातलेले ५ कोटी या तुलनेत येत नाहीत.

यंत्रांना दुसरे काम आहे का, तेही पाहा. नॅनोसाठी टाटा मोटर्सने गुजरातेत साणंदला वर्षाला अडीच लाख गाड्यांचा कारखाना उभारला. तो २०१० मध्ये सुरू झाला आणि नॅनोची विक्री त्या क्षमतेच्या निम्म्यालाही कधी पोचली नाही. त्याच कारखान्यात पुढे टियागो आणि टिगोर बनू लागल्या. एचएमसीवर पंपाचे, ट्रॅक्टरचे काम बसत असेल तर त्याची विचारणा पहिल्याच वर्षी सुरू करा.

चारपैकी दोन यंत्रे विकून दोन ठेवणे हाही पर्याय मांडून पाहा. निम्मे काम दोन यंत्रांवर निघत असेल तर बहुधा तोच सरस ठरतो. यंत्रे बँकेकडे तारण असतात, म्हणून खरेदीदार पक्का करण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्या.